मांडीखाली हात घेऊन बसणारे मास्तर

मास्तरांची व माझी ओळख माझ्या उजव्या हातामुळे झाली. पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यावर मला चालता येऊ लागले होते, बोलणेही बरेचसे सुटले होते, परंतु उजवा हात कोपरापासून खाली एखाद्या अबोल पाहुण्यासारखा माझ्या शेजारी बसून असे. इस्पितळाच्या मागील इमारतीत तळमजल्यावर हाताच्या उपचारांचे एक लांबट दालन आहे. तेथे पहिल्या दिवशी एक पन्नाशीचे गृहस्थ लाकडी स्टूल ओढून माझ्यासमोर बसले. त्यांच्या निळ्या सदऱ्यावर ‘शिकाऊ सहायक’ अशी पट्टी होती. मी ती स्वतः वाचली. मी सहासष्टाव्या वर्षी प्रौढांच्या वर्गात वाचायला शिकलो असल्यामुळे दिसेल ती पट्टी वाचण्याची मला सवय आहे.

माझा हात हातात घेण्यापूर्वी त्यांनी विचारले, “बाबा, हात लावू का? आधी मनगटाला लावतो, मग कोपराला.”

“लावा की. तो आता माझा राहिलाय कुठे?”

“तुमचाच आहे. जरा रुसलाय, एवढंच.” मग माझ्या खांद्यांकडे पाहून ते म्हणाले, “उजवा खांदा अर्धा इंच उतरलाय. पण हे झटक्याचं नाही, जुनं आहे. ओझी वाहायचात का?”

मी अडतीस वर्षे मालधक्क्यावर पोती वाहिली. ही गोष्ट माझ्या कागदांत कोठेही लिहिलेली नव्हती. मी थक्क होऊन त्यांच्याकडे पाहिले.

“घाबरू नका, मी काही ज्योतिषी नाही,” ते हसून म्हणाले. “शिंपी आहे. तीस वर्षं लोकांचे खांदे मोजलेत.”

शिंप्याला सर्वजण मास्तर म्हणतात, तसे त्यांनाही म्हणत. इस्पितळात आल्यावरही ते नाव त्यांच्यामागोमाग आले. दालनाच्या प्रमुख तिशीच्या एक बाई होत्या. त्यांना सर्वजण मॅडम म्हणत. त्या कधी कधी म्हणत, “मी मॅडम, हे मास्तर, मग इथं शिकतंय कोण?” तेव्हा मास्तर शाळेतल्या मुलासारखा हात वर करीत.

मास्तरांनी सुई सोडून हे काम का धरले, ते त्यांनी मला थोडे थोडे करून सांगितले. माझी बोटे एकेक करून उघडताना ते बोलत असत. बोलण्यामुळे माझे लक्ष दुखण्याकडे जात नसे, हेही एक कारण असावे.

त्यांच्या वडिलांनाही असाच झटका आला होता. मास्तरांनी वडिलांसाठी बाजूने उघडणारा एक सदरा शिवला, म्हणजे हात वर करावा लागू नये. इस्पितळातून एक मुलगी आठवड्यातून दोनदा घरी येई. ती टेबलावर एक टॉवेल पसरी आणि वडिलांना त्याची घडी घालायला लावी. वडिलांचा हात थरथरे, टॉवेल खाली पडे. मास्तरांना ते पाहवत नसे.

“मी तिच्यावर ओरडायचो, बाबा. म्हणायचो, अहो, टॉवेलाची घडी मी घालतो की, माझ्या बापाला कशाला छळता? आणि ती गेली की खरंच मी घालून टाकायचो. त्यांनी नुसता हात पुढे केला की टॉवेल माझ्या हातात.”

एके दिवशी मास्तर दुकानातून लवकर परत आले, तेव्हा वडिलांनी एका टॉवेलाची घडी घातलेली होती. वेडीवाकडी होती, परंतु घडी होती. ती मुलगी टाळ्या वाजवीत होती आणि वडील त्या टॉवेलाकडे पाहत होते.

“तीस वर्षांत मी कितीतरी जणांना नवा कपडा घालून आरशासमोर उभं केलं,” मास्तर म्हणाले. “तसा चेहरा एकाचाही पाहिला नाही.”

त्यानंतर थोड्याच दिवसांत वडिलांना दुसरा झटका आला आणि ते गेले. घातलेली घडी तेवढी एकच राहिली. तो टॉवेल मास्तरांनी अजून वापरात आणलेला नाही.

सहायकाच्या शिक्षणाला पन्नास वर्षांपर्यंतच घेतात. मास्तरांना त्या वेळी एकोणपन्नास वर्षे आठ महिने झाले होते. नऊ महिने वर्ग, त्यानंतर तीन महिने प्रत्यक्ष काम, आणि शेवटी एका समितीसमोर परीक्षा. नापास झाले तर पुन्हा बसण्याची सोय नव्हती, कारण तोवर वय उलटून जाणार होते. त्यांचे दुकान आठ हात लांब, सहा हात रुंद, त्यात दोन मशीन व एक आरसा. ते त्यांनी पत्नीच्या स्वाधीन केले. त्या बाईंना मी पुढे भेटलो. बोलण्यात त्या कात्रीपेक्षा कमी नाहीत. त्या वेळी त्या काय म्हणाल्या, ते त्यांनीच मला सांगितले.

“मी म्हटलं, अहो, पन्नाशीला दप्तर घेऊन निघालात, पाण्याची बाटली गळ्यात अडकवून देऊ का? आणि दुकानाची काळजी सोडा. माझी काजं तुमच्यापेक्षा बरी होतात, हे गिऱ्हाइकांना केव्हाचं माहीत आहे. पण एक सांगते, नापास होऊन आलात तर मी तुम्हाला कामावर ठेवणार नाही.”

वर्गातील वीस-बावीस वर्षांची मुले त्यांना काका म्हणत आणि त्यांच्याकडून पँटी आखूड करून घेत. शरीरातील स्नायूंची लांबलचक नावे त्यांच्या लक्षात राहत नसत. तेव्हा ते जुन्या मापाच्या वहीत माणसाची आकृती काढून, बाहीवर, गळ्यावर व पाठीवर ती नावे लिहीत. अशा रीतीने नऊ महिने पार पडले. तीन महिन्यांच्या कामात समितीसमोर दाखवण्यासाठी त्यांना जो रुग्ण नेमून दिला, तो मी.

आता मला एक चूक सांगितली पाहिजे. ती मास्तरांची आहे, परंतु तीत माझाही वाटा आहे.

दालनात आम्ही पंधरा-सोळा जण येत असू. मॅडमचा नियम असा होता की, प्रत्येकाने सदऱ्याची किंवा झंपराची बटणे स्वतः लावायची. दुबळ्या हाताने बटण धरून काजातून काढणे किती कठीण आहे, हे ज्याचे त्यालाच कळते. घरी माझी सून माझी बटणे लावीत असे. ती गुणी आहे, कधी तोंड वाकडे केले नाही. परंतु ती माझ्या गळ्याशी वाकून बटण लावू लागली की मी छताकडे पाहत असे. माझ्या एका बाजूला लुळ्या हाताच्या एक आजी बसत, दुसऱ्या बाजूला एक बसचालक. आम्ही त्यांना ड्रायव्हर म्हणत असू. एवढा भरदार माणूस तिसऱ्या बटणापाशी एकदा रडला.

मास्तरांनी ते पाहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी हळूच ड्रायव्हरचा सदरा घरी नेला, आणि मग एकामागून एक आणखी दहा जणांचे कपडे नेले. त्यांनी बटणांच्या जागी आतून चिकटपट्टी शिवली. चपलांना व पिशव्यांना असते तीच, दाबली की चिकटणारी. परंतु ते शिंपी होते. उतरलेल्या खांद्याखाली गादी घालून तो सरळ दाखवणे, सुटलेले पोट चुण्यांत लपवणे, यात त्यांचे आयुष्य गेले होते. तेव्हा त्यांनी काढलेली बटणे फेकली नाहीत. ती वरच्या बाजूला काजांवरच टाचून पक्की केली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे की सातही बटणे व्यवस्थित लावलेली आहेत.

“कुणाला कळायला नको,” ते मला म्हणाले. “माणूस चारचौघांत नीट दिसला पाहिजे.”

माझा सदरा परत आला, त्याच्या दुसऱ्या सकाळी मी एकट्याने, डाव्या हाताने दाबत दाबत सदरा घातला आणि खोलीबाहेर आलो. सून स्वयंपाकघरातून पाहतच राहिली. “बाबा! तुम्ही लावलीत?” असे म्हणून तिने डोळ्यांना पदर लावला. मी ‘हो’ म्हणालो नाही, परंतु ‘नाही’ही म्हणालो नाही. हा माझा वाटा.

तीन आठवडे आम्ही सर्वजण सुखात होतो. दालनात हसणे-खिदळणे वाढले. मग सहाव्या आठवड्यात मॅडमने माझा खांदा तपासण्यासाठी मला सदरा काढायला सांगितला. मी सवयीने एक बाजू ओढली आणि चर्र असा मोठा आवाज झाला.

मॅडम जवळ आल्या. त्यांनी बटणाखाली बोट घातले, पट्टी उलटून पाहिली आणि विचारले, “हे कुणी केलं?”

“मी,” दालनाच्या दुसऱ्या टोकाकडून मास्तर म्हणाले.

“किती जणांचं?”

“अकरा.”

मॅडमने आपली नोंदवही उघडली. “माझ्या वहीत अकरा जणांपुढे लिहिलंय, बटणे स्वतः लावतात.”

“मॅडम, मी तसं कधी सांगितलं नाही.”

“नाही सांगितलंत. मी बघितलं आणि लिहिलं. इतकं सुरेख शिवलंय तुम्ही.” त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्या खाली बसल्या. “मास्तर, आजींचा हात परत येणार नाही. त्यांनाही ते ठाऊक आहे. त्यांना ही पट्टी हवीच होती, मीच तुम्हाला सांगणार होते. पण बाबांचा हात येत होता. सकाळी सात बटणं, रात्री सात बटणं, तोच त्यांचा खरा व्यायाम होता. या तीन आठवड्यांत त्यांची पकड होती तिथंच आहे. मला वाटत होतं, औषधात काही चुकतंय.”

मास्तर येऊन माझ्या समोरच्या स्टुलावर बसले. मला एकट्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात ते म्हणाले, “दुसऱ्यांदा, बाबा. टॉवेलाची घडी दुसऱ्यांदा मीच घातली.”

वहीतील नोंदी दुरुस्त करणे भाग होते, आणि ती वही समिती वाचणार होती. मॅडमचे पेन थांबले. तेव्हा मास्तर उठले व म्हणाले, “मी लिहितो.” त्यांनी जे लिहिले ते आम्हा सर्वांना मोठ्याने वाचूनही दाखवले: ‘या अकरा नोंदी चुकीच्या आहेत. बटणे खोटी आहेत. शिवणारा मी.’ खाली सही केली.

पुढील दोन दिवसांत त्यांनी व त्यांच्या पत्नीने नऊ सदरे उसवून पूर्वीसारखे केले. आजींचे झंपर व आणखी एकाचा सदरा मॅडमच्या सांगण्यावरून तसाच राहिला. सदरे परत मिळाल्यावर मात्र दालनात असंतोष माजला.

“वा रे मास्तर!” ड्रायव्हर कडाडले. “आधी गाडीत बसवायचं आणि अर्ध्या रस्त्यात उतरवायचं?”

मी त्याहून वाईट बोललो. मी म्हणालो, “तुमच्या परीक्षेपायी आमचे हाल कशाला?”

हे वाक्य मी आजही परत घेऊ इच्छितो. मास्तरांनी ते ऐकून घेतले. “परीक्षा बहुतेक गेलीच, बाबा,” ते म्हणाले. “सहा आठवडे उरलेत. ते तुमच्या हाताला देऊ. चला, पहिलं बटण.”

मी पहिले बटण धरले. ते निसटले. मास्तरांचे दोन्ही हात आपोआप माझ्या छातीकडे आले, जसे तीस वर्षे गिऱ्हाइकांच्या सदऱ्याकडे जात आले होते. त्यांनी ते मागे घेतले. बटण पुन्हा निसटले, हात पुन्हा पुढे आले. तेव्हा त्यांनी दोन्ही पंजे स्वतःच्या मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसून राहिले. मी पंचवीस मिनिटे झुंजलो. एक बटण लागले. मास्तर उठले तेव्हा त्यांना माझ्यापेक्षा जास्त घाम आला होता आणि त्यांच्या पंजांवर स्टुलाच्या फळीचे वळ होते.

त्या दिवसापासून ते सर्व रुग्णांसमोर तसेच बसू लागले. ड्रायव्हरनी प्रथम चेष्टा केली, “मास्तर, अंडी उबवताय काय?” परंतु पुढे पुढे त्यांचे बटण लागले की ते स्वतःच ओरडत, “मास्तर, उठा! हात सुटले तुमचे!”

एके दिवशी मास्तर कापडाची एक पट्टी घेऊन मॅडमपुढे उभे राहिले. “मॅडम, एक विचारायचं होतं. शिवायच्या आधी विचारतोय.”

मॅडमला हसू आले. “विचारा.”

त्यांची कल्पना अशी होती: जाड कापडाच्या पट्टीवर सात बटणे लावायची, पहिले ओव्हरकोटाचे, मग क्रमाने लहान, शेवटचे सदऱ्याच्या कॉलरचे, आणि काजेही त्याचप्रमाणे घट्ट होत जाणारी. मॅडमने ती कल्पना निरखून पाहिली. “बटण लहान करा, पण काज सैलच ठेवा. दोन्ही गोष्टी एकदम अवघड करू नका. काज घट्ट केलेली वेगळी पट्टी नंतर करू.” मास्तरांनी त्याप्रमाणे केले. काजे त्यांच्या पत्नीने केली. ती खरोखरच फार सुबक होती, हे मास्तरांनीही कबूल केले.

ती पट्टी मी घरी मांडीवर घेऊन बसत असे. सदरा घालताना मी सुनेला दाराबाहेर थांबायला सांगू लागलो. ती बाहेरून हाक मारी, “बाबा, झालं का? चहा निवतोय.”

“निवू दे,” मी आतून म्हणे.

त्या सहा आठवड्यांत मी खूप गार चहा प्यायलो.

समितीच्या दिवशी तीन जण आले. मध्ये बसलेले डॉक्टर स्थूल व घाईचे होते. त्यांनी घड्याळ टेबलावर ठेवले व मला सदरा घालण्यास सांगितले. मास्तर समोर स्टुलावर बसले होते, हात मांडीखाली. मी खालून सुरुवात केली. सहा बटणे लावायला मला बारा मिनिटे लागली. सातवे गळ्याशी असल्यामुळे दिसत नाही, आणि ते काही केल्या लागेना. तीन वेळा काजाच्या तोंडाशी येऊन घसरले.

“अहो,” डॉक्टर मास्तरांना म्हणाले, “तुम्ही सहायक ना? मदत करा की त्यांना.”

“तीच करतोय, साहेब,” मास्तर म्हणाले.

मॅडम खिडकीकडे पाहू लागल्या. माझे सातवे बटण त्या दिवशी लागले नाही. नंतर समितीने वहीतील ते पान उघडले आणि मास्तरांना खोट्या बटणांबद्दल विचारले. त्यांनी आपल्या वडिलांच्या टॉवेलापासून सर्व सांगितले. स्वतःची बाजू त्यांनी कोठेही सरळ शिवून दाखवली नाही. आम्हाला बाहेर पाठवण्यात आले.

आठ दिवस निकाल लागला नाही. त्या आठ दिवसांत मास्तर दुकानात गेले नाहीत. पत्नीने विचारले, तेव्हा ते म्हणाले, “तू कामावर ठेवणार नाहीस ना, मग येऊन काय करू?” त्यावर त्या बाईंनी त्यांच्यासमोर चहा ठेवला, एवढेच. हेही त्यांनीच मला सांगितले, आणि सांगताना त्यांची कात्री जरा बोथट झाली होती.

निकाल आला तेव्हा मास्तर उत्तीर्ण होते. कागदावर मॅडमचा शेरा होता: ‘रुग्णाला मदत करण्याची यांना फार घाई असे. आता हात आवरता येतात.’ तो कागद मी स्वतः वाचला. वाचून झाल्यावर मी त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, “कसली क्षमा, बाबा? सातव्या बटणाचं काय झालं ते सांगा.” ते पुढे तीन आठवड्यांनी, घरी, आरशाशिवाय लागले. त्या दिवशी सून दाराबाहेरच उभी होती.

या गोष्टीला चार वर्षे झाली. मास्तर त्याच दालनात आहेत. त्यांच्या सदऱ्यावरील पट्टीतून ‘शिकाऊ’ हा शब्द गेला आहे. कपाटाच्या खणात आता बटणांच्या नऊ पट्ट्या आहेत. ड्रायव्हर पुन्हा बस चालवत नाहीत, परंतु आगाराच्या फाटकाशी बसून गाड्यांची नोंद करतात. आजींचे झंपर अजूनही चर्र वाजते आणि ते वाजले की त्या मास्तरांकडे पाहून डोळा मिचकावतात. प्रौढांच्या वर्गातील आमच्या बाईंनी आम्हाला एका माणसाविषयी लिहायला सांगितले, तेव्हा मला दुसरे कोणी सुचले नाही. हे सर्व मी उजव्या हाताने लिहिले आहे. दमलो की थांबलो.

एक प्रसंग राहिला. माझ्या उपचाराचा तो शेवटचा दिवस होता. मी निरोप घेण्यासाठी दालनात गेलो, तेव्हा मास्तर खिडकीजवळ नव्या रुग्णासाठी पट्टी शिवत बसले होते. दोरा संपला होता. त्यांनी सुई उजेडात धरली, दोऱ्याचे टोक ओठांत ओले केले, दोन वेळा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा चुकले. दालनात मॅडम होत्या, तरुण डोळ्यांच्या दोन शिकाऊ मुलीही होत्या. मास्तरांनी त्यांच्यापैकी कोणालाही हाक मारली नाही. त्यांनी सुई व दोरा माझ्यासमोर टेबलावर ठेवला, स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि म्हणाले,

“बाबा, चष्मा घरी राहिला. एवढा दोरा ओवून द्या.”